प्रतिसाद: पिल्लं ब्रॉयलर की लेअर?

ताई, नाशिकच्या गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणलेली कोंबडीची पिवळी पिल्लं कोणती, मांसासाठीची ब्रॉयलर की अंड्यांसाठीची लेअर, असं तुम्ही विचारलंय. रंगावरून ठरवू नका. ब्रॉयलर आणि पांढरी लेअर, दोन्हींची पिल्लं पिवळीच असतात.

पाय बघा. ब्रॉयलरचे पाय जाड, दोन पायांत अंतर, छाती रुंद. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंग पिसांच्या पुढे धावतं, त्यामुळे पोटाकडे उघडी गुलाबी कातडी दिसते. चार पावलं चालून पिल्लू परत खाद्याच्या भांड्यापाशी बसतं. लेअरचं पिल्लू सडपातळ, पंखांची पिसं लवकर येतात आणि तिसऱ्या आठवड्यात ते खोक्याच्या काठावर उडी मारतं.

तरीही शंका असेल तर वजनकाटा घ्या. सहा आठवड्यांत ब्रॉयलर दोन किलोच्या आसपास जातो, लेअर अर्ध्या किलोच्या आगेमागे राहते.

एक सांगायलाच हवं. बाजारात स्वस्तात मिळणारी पिल्लं बऱ्याचदा लेअर जातीचे नर असतात. आमच्या दिंडोरीच्या घरी अशीच बारा आणली होती, सगळे कोंबडे निघाले. तुरा लवकर लाल आणि मोठा होऊ लागला की समजा. मादी असेल तर अंड्याला साधारण १८ ते २० आठवडे थांबावं लागेल.

आणि ब्रॉयलर निघाले तर माया म्हणून महिनोन्‌महिने ठेवू नका. वजन पायांना पेलत नाही, नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर धाप लागून दगावतात. फार हाल होतात त्यांचे.