मदत हवी आहे : घाटात पिकअप अचानक जातो, टर्बो खरंच गेलाय का?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ची, १.३ लिटर टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा), व्हीजीटीवाली, म्हणजे हवेचा दाब गरजेनुसार बदलणारा टर्बो. १ लाख १८ हजार किमी झालेत. गावात फिरताना काही तक्रार नाही. पण पुण्याहून सातारला जाताना खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबली, की अडीच हजार आरपीएमच्या आसपास कुणी मागून धरून ठेवल्यासारखी होते. आधी काळा धूर, मग चेक इंजिनचा दिवा, आणि भरलेले ट्रक हॉर्न मारत पुढे. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी पळते, पुढचा चढ येईपर्यंत!

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला : टर्बो गेला, नवा टाका. आकडा ऐकून बायको म्हणाली, तेवढ्यात स्कूटर येते.

मी एवढं केलंय : एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलले, फरक शून्य. ब्लूटूथ स्कॅनर लावला, कोड पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब हवा त्यापेक्षा कमी. इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ९४ किलोपास्कल दाखवतो, चढावर पूर्ण दाबल्यावर जेमतेम १३५. इनटेकचा पाइप काढून टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला. आजूबाजूला किंचित हलतो, आत-बाहेर अजिबात नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. ऑइल कमी होत नाही.

आधी काय बघू? व्हॅक्यूम पाइप, ॲक्च्युएटर (टर्बोचा दाब बदलणारा भाग), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), की होज (हवेचे रबरी पाइप)?

प्रतिसाद : दादा, टर्बोला हात लावू देऊ नका. पाती तुटली असती तर चावी फिरवून बरी झाली नसती. तो लिंप मोड आहे, दाब कमी दिसला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच ताकद कापतो. इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचाच दाब दिसतो, पुण्याच्या उंचीवर ९४ बरोबर आहे, म्हणजे सेन्सरवर शंका नको. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा वाटेत गळतेय. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) दोन्ही होज खालच्या बाजूने बघा, तिथेच कुणी बघत नाही. उभ्या गाडीत आयडलला दाब जवळजवळ नसतो, म्हणून गॅरेजमध्ये चीर बोलत नाही. इंजिन थंड झाल्यावर हात फिरवा, तेलकट ओल लागेल तिथे थांबा. होज चांगले निघाले तरच हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ॲक्च्युएटरची दांडी अडकते का ते तपासा.

धागाकर्ता : सापडलं! टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या होजला क्लॅम्पच्या अगदी कडेला, खालून, नखाएवढी चीर. हाताने वाकवल्यावरच तोंड उघडते. नवा होज आणि दोन क्लॅम्प टाकले. काल तोच चढ, तोच गिअर : २१० किलोपास्कल. दिवा नाही, धूर नाही. फक्त जुन्या होजमध्ये आतून तेलाचा थर होता, ते चालतं का?

प्रतिसाद : थर चालतो, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ काढणारी नळी) तेलाची वाफ येतेच. वाटीभर साठलं तर मात्र पुन्हा लिहा.