मदत हवी आहे : पांगारा जगवायचा कसा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव सावंतवाडीजवळ. शेजारचे काका चितारआळीतल्या दुकानांसाठी लाकडी फळं करतात. आंबा, फणस, सीताफळ. या कामाला पूर्वापार पांगाराच लागतो, हलका नि मऊ. पण मिरवेलीच्या आधाराला बांधाबांधावर असायचा तो पांगारा आता दिसेनासा झालाय. काका आंब्याच्या लाकडावर भागवतात आणि दिवसभर कुरकुरतात, "हत्याराची धार राहत नाही रे!"

म्हणून आम्ही पाचसहा जणांनी मे महिन्यात तळ्याच्या काठाने मनगटाएवढ्या जाड 22 फांद्या रोवल्या. फुटल्याही झकास. पण पावसानंतर पानांवर, देठांवर फोडासारख्या गाठी आल्या, पानं आक्रसली आणि 14 गेल्या. पांगाऱ्यावर गाठी करणारी एक बारीकशी गांधीलमाशी असते, तीच का ही? औषध फवारायला मन धजत नाही, गुरं तिथंच पाणी पितात. गाठाळलेले शेंडे छाटून जाळले तर चालेल का?

दुसरा तिढा म्हणजे, त्याच काठाला पेव्हर ब्लॉक घालायचं घाटतंय. निवडणूक तोंडावर, त्यामुळे दोन्ही पॅनेलं एकदिलाने राजी! (एरवी दशावताराचा मंडप कुठे घालायचा यावरही यांचं जमत नाही.) ग्रामसभेत झाडं राखण्याचा ठराव मांडायचाय. कुणाकडे अर्जाचा नमुना आहे का?

आणि कुणाच्या परड्यात निरोगी पांगारा असेल तर फांद्या द्याल? टेम्पो घेऊन आम्हीच येऊ.