'रिस्टोअर' आणि 'रिकव्हर' यांना मराठीत वेगळे शब्द?

फोर्टकर: एका सहकारी बँकेच्या संगणक विभागासाठी ओरॅकल या डेटाबेस प्रणालीची मार्गदर्शिका मराठीत करतोय. एका वाक्यावर अडलोय. आशय असा: डेटाबेस नोआर्काइव्हलॉग मोडमध्ये (म्हणजे बदलांच्या जुन्या नोंदींच्या प्रती न ठेवता) असताना डेटाफाइल (माहिती साठवणारी फाइल) ऑफलाइन केली, तर ती नुसती ऑनलाइन करून भागत नाही. आधी रिकव्हर करावी लागते, नाहीतर ओआरए-०१११३ ही चूक येते. मी 'पुनर्प्राप्ती' लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'वसुली' केलं, कारण बँकेत तोच शब्द चालतो. पण बँकेतली वसुली म्हणजे थकीत कर्जांची! शिवाय पुढच्याच ओळीत 'रिस्टोअर' आहे, त्यालाही 'पुनर्प्राप्ती'च सुचतंय.

गोरेगावची: पुनर्प्राप्ती दोन्हीकडे नको. रिस्टोअर म्हणजे बॅकअपमधली जुनी प्रत जागेवर आणून ठेवणं. रिकव्हर म्हणजे मागे राहिलेल्या फाइलवर रिडू लॉगमधले, म्हणजे डेटाबेसच्या बदलांच्या नोंदवहीतले, नंतरचे बदल चढवणं. तुमची फाइल हरवलेलीच नाही, डिस्कवर आहे. मग 'प्राप्त' काय करायचं? 'अद्ययावत करणे' लिहा.

जुनं दफ्तर: ताई, तुम्ही 'चढवणं' लिहिलंत, तोच खरा शब्द. माझे वडील मशीद बंदरच्या एका पेढीवर हिशेब लिहायचे. व्यवहार आधी रोजकीर्दीत, मग खतावणीत. मागे पडलं की म्हणायचे, 'खाती चढवायची राहिलीत.' रिडू लॉग ही कीर्द, डेटाफाइल ही खतावणी.

पार्लेकर: कीर्द फारसी, वसूल अरबी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असल्याच शब्दांना पर्याय द्यायला. सावरकरांचा 'महापौर' आज मुंबईत कुणाला परका वाटतो? रिस्टोअरला 'पुनःस्थापन', रिकव्हरीला 'पुनरुद्धार'. वापरले की रुळतात.

गोरेगावची: पुनरुद्धार देवळाचा वाटतो. कीर्द मला आवडली, पण ती नेमकी फोर्टकरांच्या वाक्यापाशी तुटते. पेढीवरची कीर्द जपून ठेवतात. ऑनलाइन रिडू लॉगचे गट फिरते असतात, किमान दोन, बहुधा तीन. शेवटचा भरला की पुन्हा पहिल्यावर लिहिणं सुरू. आर्काइव्ह चालू असेल तर त्याआधी प्रत निघते, नसेल तर जुन्या नोंदी गेल्या.

म्हणून आधी फाइलच्या हेडरमधला चेकपॉइंट एससीएन, म्हणजे फाइल कुठवरच्या बदलांपर्यंत आली आहे ते सांगणारा क्रमांक, बघायचा आणि शिल्लक लॉगांपैकी सर्वांत जुन्याच्या सुरुवातीच्या एससीएनशी ताडायचा. फाइलचा आकडा तेवढाच किंवा पुढचा असेल, तर आर्काइव्ह नसतानाही 'रिकव्हर डेटाफाइल' चालतं. मागे पडला असेल, तर अख्ख्या डेटाबेसचा बंद अवस्थेत घेतलेला बॅकअप ठेवायचा आणि त्यानंतरच्या कामावर पाणी सोडायचं, किंवा ती फाइल ज्या टेबलस्पेसमध्ये (डेटाफाइलींच्या गटात) आहे, ती टेबलस्पेसच काढून टाकायची. म्हणजे तिथे रिस्टोअर होईल, रिकव्हरी होणार नाही. दोन्हींना एकच शब्द दिलात, तर रात्री दोन वाजता ते पान उघडणाऱ्या माणसाची दिशाभूल होईल.

फोर्टकर: मग 'प्रत परत ठेवणे' आणि 'बदल चढवणे'. पटतंय. आज्ञेतला 'ऑफलाइन फॉर ड्रॉप' राहिला. या मोडमध्ये डेटाफाइल ऑफलाइन करायला तोच लागतो. 'वगळण्यासाठी' लिहिलं तर फाइल पुसली जाते असं वाटेल, आणि ती तर तिथेच राहते. आणि 'आर्काइव्ह्ड लॉग'?

जुनं दफ्तर: दफ्तरदाखल लॉग. सरकारी कचेरीत कागद जपून लावले की दफ्तरदाखल.

पार्लेकर: दफ्तर पुन्हा फारसीच! एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत शासनाचे जुने कागद आहेत, त्या खात्याचं नाव पुराभिलेख. तसंच 'अभिलेखित लॉग' म्हणा.

जुनं दफ्तर: मुलांच्या पाठीवरचं दफ्तर तुम्हाला परकं वाटत नाही ना?

गोरेगावची: परकेपणाचं जाऊ द्या, अडचण अर्थाची आहे. दफ्तरदाखल म्हणजे प्रकरण मिटलं असा अर्थ कचेरीत घेतात. हा लॉग मात्र पुढे लागणार म्हणूनच ठेवलेला असतो.

जुनं दफ्तर: अपील आलं की तीच फाइल दफ्तरातून काढावी लागते, ताई. लागणार म्हणूनच दफ्तर असतं.

पार्लेकर: अपील हा शब्द तरी मराठी आहे का?