व्हिक्टरचा गुन्हा नेमका कुठला?

रानवाट
‘जुन्या विज्ञानकथांनी शास्त्रज्ञाला खलनायक केलं, म्हणून लोक प्रयोगांना बिचकतात’ हे कालचं मत वाचून राहवलं नाही. मेरी शेलीची १८१८ची ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरी परत उघडा. व्हिक्टर हा तरुण त्यात मृतदेहांच्या तुकड्यांतून एक जीव घडवतो. तो जीव रात्री पलंगाचा पडदा सारून हात पुढे करतो आणि व्हिक्टर जिना उतरून पळतो. गुन्हा तिथे आहे. जीव घडवला हा नव्हे, घडवून वाऱ्यावर सोडला हा.

कोरापान
साफ चूक. पळण्याआधीचं बघा ना! घराच्या माथ्यावरच्या खोलीत स्वतःला कोंडून, कुणाला न विचारता केलेलं काम. आणि वेल्सच्या १८९६च्या कादंबरीतला, जनावरं कापून माणसं घडवू पाहणारा डॉक्टर मोरो? तो पळत नाही, बेटावर ठाण मांडून बसतो. म्हणून तो बरा? तो कापत असलेल्या प्यूमाचं ओरडणं असह्य होऊन निवेदक बाहेर पडतो, ते पान मला एका बैठकीत वाचून संपवता आलं नाही.

रानवाट
मोरोही मनासारखं जमलं नाही की त्या जिवांना हाकलतोच. माझाच मुद्दा.

दवबिंदू
प्यूमावरून आठवलं. वेल्सच्याच ‘द इनव्हिजिबल मॅन’मधला शास्त्रज्ञ ग्रिफिन स्वतःआधी खालच्या म्हातारीची मांजर अदृश्य करतो. ती ओरडत राहते, डोळ्यांमागचा चमकता पडदा तेवढा उरतो.
कॉलेजात माझ्या हातात ससा दिला होता, कानावर शाईनं १७ लिहिलेलं. औषधाचा परिणाम पुस्तकात छापलेला, तरी दरवर्षी नवे ससे. मी प्रॅक्टिकल सोडून बाहेर आले. मार्क गेले.

तिसरा_प्रहर
माझी आई २२ वर्षं इन्सुलिनवर जगली. १९२१मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी कुत्र्यांची स्वादुपिंडं काढली, त्यातून इन्सुलिन हाती आलं, म्हणून. तुम्हाला ससा आठवतो, मला आईच्या पोटावरचे सुयांचे डाग. कुत्र्यांसाठी तिनं मरायचं होतं का?

दवबिंदू
असलं मी काहीही म्हटलेलं नाही. आईला मध्ये आणून माझं तोंड बंद करू नका. उत्तर कुणालाच ठाऊक नसलेला प्रयोग आणि उत्तर वहीत आधीच लिहिलेला प्रयोग, यांत फरक नाही?

तिसरा_प्रहर
आहे. तेवढं मान्य, नाइलाजानं. पण तो ठरवायचा कुणी? प्रयोग करणाऱ्यानंच?

कोरापान
तेच तर केव्हाचं सांगतोय! इंग्लंडात प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवाना लागायला लागला १८७६च्या कायद्यानं. कादंबरीत सोललेला कुत्रा मोरोच्या घरातून निसटतो, बोभाटा होतो आणि मोरोला देश सोडावा लागतो. जाब विचारणारे होते तिथून तो गेला, कुणी नव्हतं तिथे त्यानं टेबल मांडलं.

रानवाट
बरं, विचारणारे हवेत. पण पडदा सारून हात पुढे आला, तेव्हा त्या विचारणाऱ्यांच्या धाकानं व्हिक्टर थांबला असता का? याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.