शब्दचर्चा: पन्नास वर्षं बसलेल्या फौजेचा 'ताबा' म्हणायचा की 'कब्जा'?

हळदपेठ (सांगली)
विश्रामबागेत एका स्पर्धा परीक्षा क्लासला शिकवते. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या नोट्स मराठीत करताना एका शब्दापाशी गाडी अडली आहे: 'ऑक्युपेशन'. लढाईत दुसऱ्याचा मुलूख घेतला, फौज तिथेच बसली, कारभारही तीच बघते, पण मुलूख आपला झाला असं म्हणता येत नाही, अशी ती अवस्था. एका मुलानं हिंदी पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलं, 'अधिकृत प्रदेश'. शेजारच्यानं विचारलं, "मॅडम, अधिकृत म्हणजे सरकारमान्य ना?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण तो बरोबर होता. हिंदीत 'पाक अधिकृत कश्मीर' चालतं. मराठीत तेच लिहिलं तर अर्थ साफ उलटा होतो.
शब्द असा हवा की तो चार महिन्यांच्या ताब्यालाही चालेल आणि वेस्ट बँक (इस्रायलकडे, १९६७ पासून), उत्तर सायप्रस (तुर्कस्तानकडे, १९७४), पश्चिम सहारा (मोरोक्कोकडे, १९७५) यांनाही. सुचवा.

कृष्णाकाठ
ताबा. विषय संपला.

निवृत्त तलाठी, तासगाव
संपला कसा? नोकरीभर मी हाच शब्द लिहीत आलो, म्हणून सांगतो, तेवढं सोपं नाही.
सातबारा काढून बघा, 'मालक' असा रकाना सापडणार नाही. तिथं 'भोगवटादार' असतं. जुन्या उताऱ्यांवर 'कब्जेदार' असायचं. इंग्रजी कायद्यात त्यालाच 'ऑक्युपंट' म्हटलंय. म्हणजे मॅडम ज्या शब्दावर अडल्यात त्याच शब्दाच्या जोरावर आपल्याकडं माणूस सोसायटीचं पीककर्ज काढतो. आपल्याकडं तो इज्जतीचा आणि लढाईत बदनामीचा.
शेतकऱ्याच्या डोक्यात तीन गोष्टी वेगळ्या असतात. मालकी कागदावर असते. ताबा म्हणजे आज बांधावर कोण उभा आहे. आणि वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षं नांगर कुणाचा चाललाय. भांडण कधीही मालकी आणि ताब्याचं नसतं, ते ताब्याची वहिवाट होते तिथं सुरू होतं. एक भाऊ मुंबईला गिरणीत, दुसरा गावात कसतोय. पहिली पाच वर्षं "दादाची जमीन बघतोय" म्हणतो. दहाव्या वर्षी "आमची जमीन" म्हणतो. बाराव्या वर्षी वकील गाठतो.

वकील, सातारा
भाऊसाहेब, बारा वर्षं नुसती कसून भागत नाही. ताबा उघड हवा, सलग हवा आणि मालकाचा हक्क नाकारून हवा. भावाभावांत तर ते शाबीत करणं फार अवघड. सरकारविरुद्ध तीस वर्षं. पण तुमचा मुद्दा नेमका आहे: आपल्या दिवाणी कायद्यात काळ ताब्याच्या बाजूनं काम करतो.
देशादेशांत उलट आहे. १९०७ चे हेगचे नियम बघा. कलम ४२ म्हणतं, शत्रूच्या फौजेचा अंमल प्रत्यक्षात बसला की तो ताबा. जाहीरनामा काढा न काढा. कलम ५५ म्हणतं, तिथल्या सरकारी इमारती, जंगलं, शेती यांचे तुम्ही फक्त राखणदार. फळं खा, झाड तोडू नका. आपलं ताबेगहाण आठवा, पीक सावकाराचं आणि जमीन गहाण देणाऱ्याची, तसंच. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ४९ नुसार स्वतःची माणसं नेऊन तिथं वसवता येत नाहीत. आणि बारा सोडा, शंभर वर्षं झाली तरी या ताब्याची मालकी होत नाही.
गोम अशी की हे सगळं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हंगामी ताबा होता. लढाई, तह, फौज परत. कलम ४३ सांगतं, अगदीच अडल्याशिवाय तिथले चालू कायदे बदलू नका. एक-दोन वर्षांसाठी उत्तम नियम. पन्नास वर्षं पाळला तर? अख्खी पिढी आजोबांच्या काळातल्या कायद्याखाली जगते. कायदा गोठवला तर लोकांचं नुकसान, बदलला तर तुम्ही मालकासारखे वागताय. दोन्हीकडून फास.
जुना कायदा जपण्याचा फास कसा बसतो त्याचंही उदाहरण आहे. १९७९ साली एलोन मोरे प्रकरणात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयानं लष्करी गरजेच्या नावावर खासगी जमीन घेऊन वसाहत बांधणं रद्द ठरवलं. मग सरकारनं वाट बदलली. वेस्ट बँकेत १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा अजून चालू होता. त्याच्या आधारे न कसलेली जमीन 'सरकारी' जाहीर करायला सुरुवात झाली आणि वसाहती त्यावर उभ्या राहिल्या. जुना कायदा मोडावा लागला नाही, तोच कामाला आला.

निवृत्त तलाठी, तासगाव
पड!
वकीलसाहेब, हा एका शब्दाचा खेळ मी स्वतःच्या हातानं खेळलोय. पीकपाहणीला जायचं, बांधावर उभं राहून बघायचं, आणि गाव नमुना बाराला लिहायचं: ज्वारी, हरभरा, नाहीतर 'पड', म्हणजे न कसलेलं रान. एकदा एका म्हातारीच्या रानाला सलग तीन वर्षं 'पड' लागलं होतं. मी नाही, माझ्या आधीच्यानं लिहिलेलं, तेही बहुधा चावडीत बसूनच. ती दुष्काळानं चारा छावणीवर होती, रान कसणार कोण? चौथ्या वर्षी तिच्या चुलतदिरानं तोच उतारा पुढं केला. पड का पडली ते लिहायला रकाना नसतो. तिकडं तर शेतापर्यंत जायला फौजेचा परवाना लागत असेल तर पडच दिसणार की.

कृष्णाकाठ
आपण शब्दावर बोलत होतो. इस्रायलवर नाही.

अजिंक्यतारा
शब्दावरच बोलतोय, कृष्णाकाठ. रशियानं युक्रेनकडून घेतलेल्या क्रिमियाबद्दल पेपरवाले २०१४ ला सर्रास 'विलीनीकरण' लिहीत होते, तेव्हा तुम्ही बोलला नाहीत. :)
माझी भर दुसऱ्या टोकाकडून. ताबा घेणारा एक दिवस "आता हे आमचंच" म्हणतो, त्या क्रियेला मराठीत आयता शब्द आहे आणि तो आमच्या साताऱ्यानं सोसलाय: खालसा. १८३९ ला प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं, १८४८ ला दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला वर्षानुवर्षं दाद मागत राहिले, काही झालं नाही. आता सांगलीकडे बघा. मार्च १९४८ ला पटवर्धनांचं संस्थान मुंबई प्रांतात गेलं, ते विलीनीकरण, राजाच्या सहीनं. दोन घटनांत शंभर वर्षं आणि एका सहीचा फरक. तेव्हा नोट्समध्ये क्रिमिया 'खालसा' लिहा, मॅडम. इस्रायलनं घेतलेलं पूर्व जेरुसलेम आणि सिरियाचं गोलानही.
जुन्या मराठीत परक्या फौजेच्या स्वारीला 'परचक्र' होतं. सुंदर शब्द, पण आलं तसं जाणाऱ्या संकटाचा. चक्र पन्नास वर्षं एका जागी उभं राहत नाही.
आणि एक कडू घास: बंगालीत 'बर्गी' म्हणजे लहान मुलांना भीती दाखवायचा शब्द, तो आपल्या 'बारगीर'वरून, म्हणजे बंगालवर चालून गेलेल्या मराठा घोडेस्वारांवरून गेला. त्या मुलखात परचक्र आपण होतो.

मेजर, कोरेगाव तालुका
गावात मेजर म्हणतात, पण मी रिटायर हवालदार. गोलानला युनोच्या निळ्या टोपीत एक टर्न केली, आपली तुकडी तिथं रसद-पुरवठ्याला होती.
वर गोलान खालसा लिहा म्हटलंय. इस्रायलनं १९८१ ला आपला कायदा तिथं लागू केला हे खरं. पण सुरक्षा परिषदेनं ठराव ४९७ करून तो रद्दबातल ठरवला. मग खालसा झालं की नाही?
तिथल्या द्रूझ लोकांच्या (अरबी बोलणारा एक धर्मपंथ) सफरचंदाच्या बागा आहेत, तुमच्या द्राक्षबागांसारख्याच निगुतीनं राखलेल्या. बऱ्याच जणांनी इस्रायलचं नागरिकत्व घेतलं नाही. त्यांच्या प्रवासाच्या कागदावर राष्ट्रीयत्वाच्या जागी छापलेलं असतं, 'अनिश्चित'. एका बागायतदारानं दाखवला होता. बोट ठेवून हसला. दुभाष्यामार्फत म्हणाला, दवाखाना चांगला आहे, रस्ता चांगला आहे, मुलगी शिकतेय, आणि हे चांगलं आहे असं बोललं की भाऊ बोलत नाही. भाऊ कुंपणापलीकडं सिरियात. आधी दोघं टेकडीवरून कर्ण्यातून ओरडून बोलायचे.
मी काय बोलणार? चहा घेतला.

हळदपेठ (सांगली)
मेजर, तुम्ही लिहिलंत ते वाचून मला मुलांना 'ताब्याचे परिणाम' हा मुद्दा कसा शिकवायचा तेच कळेना. दवाखाना बांधला तर ताबा पक्का होतो, नाही बांधला तर माणसं मरतात. कायदा तर सांगतो बांधा, औषधपाणी तुमची जबाबदारी. त्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या स्थानिक नर्सला काय म्हणायचं? मराठीत लगेच 'फितूर' तोंडावर येतं. १९४३ नंतर पत्री सरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात आपल्याच गावांत पाटील-कुलकर्ण्यांना हा प्रश्न पडला असणार.

अजिंक्यतारा
पडला होता. आणि 'प्रति'चं 'पत्री' झालं ते लोकांच्या तोंडी, तळपायाला पत्र्या ठोकण्याच्या धाकामुळे. शब्दाची फोड बरोबर असो-नसो, धाक बरोबर पोचला.

वकील, सातारा
नर्सच्या प्रश्नाला न्यायालयानं एक अर्धं उत्तर दिलंय. १९७१ साली नामिबियाबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं दक्षिण आफ्रिकेचं तिथं असणंच बेकायदा ठरवलं. पण त्याच मतात म्हटलं, तिथं झालेल्या जन्म, मृत्यू, विवाहाच्या नोंदी नाकारू नका, नाहीतर शिक्षा रहिवाशांनाच होईल. म्हणजे सरकार खोटं, दाखला खरा. नोंदवणारा कारकून मग फितूर कसा?
मेजर, ठरावानं खालसा करणं रद्द झालं, म्हणून कायद्यानं तो अजून ताबाच. 'खालसा केल्याचं जाहीर केलं' असं लिहावं. २०२४ च्या जुलैमध्ये त्याच न्यायालयानं पॅलेस्टाइनच्या प्रदेशातलं इस्रायलचं चालू वास्तव्यच बेकायदा असल्याचं मत दिलं. आधी प्रश्न असायचा ताबेदार कसा वागतो, आता तो तिथं आहेच कसा.

निवृत्त तलाठी, तासगाव
वकीलसाहेब!! 'ताबेदार' म्हणजे ताबा असलेला नव्हे. ताबेदार म्हणजे हुकमाखालचा, आज्ञेतला. जुन्या अर्जांच्या शेवटी असायचं, 'आपला ताबेदार सेवक'. तुम्ही फौजेला रयत केलीत.

वकील, सातारा
चूक कबूल. गंमत अशी की मूळ अरबीत 'ताबे' म्हणजे मागे चालणारा. शब्द ज्याच्यावर ताबा आहे त्याच्या बाजूचा आहे. 'कब्जा' आणि 'काबीज' मात्र एका घरचे, मुठीत धरणारे. तेव्हा फौजेला 'कब्जेदार' म्हणा, आणि मुलूख 'ताब्यातला'.

कृष्णाकाठ
'पाकव्याप्त' आपण रोज लिहितो, कुणी हटकत नाही. मग 'इस्रायलव्याप्त', 'तुर्कव्याप्त' का नको? एका शब्दात कुणी घेतलं तेही येतं.

हळदपेठ (सांगली)
हे पटलं, शीर्षकात तेच घेते. पण त्याला क्रियापद नाही. 'तुर्कस्ताननं उत्तर सायप्रस व्यापलं' म्हटलं की खोलीत धूर भरल्यासारखं वाटतं, माणसं कुठे दिसतच नाहीत. म्हणून विशेषण 'व्याप्त', वाक्यात 'लष्करी ताबा', करणारा 'कब्जेदार देश', आणि कायमचं लाटल्याचं जाहीर केलं तर 'खालसा'. 'वादग्रस्त' आणि 'प्रशासित' हे शब्द कोण कधी वापरतं यावर वेगळी टीप देते.

तळटीप, चार दिवसांनी: काल चाचणी घेतली. एकानं लिहिलंय, "ताबेदार देशाने तेथील जनतेची काळजी घ्यावी." मार्क देऊ का?

निवृत्त तलाठी, तासगाव
अर्धा द्या. आणि 'पड' कुणी लिहिलं असेल तर मला कळवा.