'बार्गेनिंग पॉवर'ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: यूपीएसचा वेतनकरार)

प्रश्न: यूपीएस ही अमेरिकी पार्सल कंपनी आणि तिच्या कामगारांची टीमस्टर्स युनियन यांच्या २०२३ च्या करारावर लेख लिहिते आहे. 'सौदेबाजीची शक्ती' चालेल का? आणि 'टेंटेटिव्ह ॲग्रीमेंट' म्हणजे 'तात्पुरता करार'च ना?

उत्तर १: 'सौदेबाजी' नको. मराठीत ती आमदारांची होते. 'सौदाशक्ती' पाठ्यपुस्तकांत रुळलाय, तो घ्या. फक्त ही शक्ती येते कुठून, तेही लिहा. मागणी नाकारणं कंपनीला जितकं महाग, तितकी युनियनची सौदाशक्ती जास्त. आज न पोचवलेलं पार्सल उद्यासाठी राखून ठेवता येत नाही, ते प्रतिस्पर्ध्याकडे जातं. त्यात सुमारे ३,४०,००० सभासद, सगळ्यांचा करार ३१ जुलैला एकदमच संपणारा आणि संपाच्या बाजूने ९७ टक्के मतं आधीच पडलेली.

'तात्पुरता करार' साफ चूक. त्यातून 'थोड्या दिवसांपुरता' असा अर्थ निघतो. २५ जुलैला झाली ती प्राथमिक सहमती, सभासदांनी ८६.३ टक्के मतांनी ती मंजूर केल्याचं २२ ऑगस्टला जाहीर झालं. करार पाच वर्षांचा आहे.

उत्तर २: 'सौदाशक्ती' बोजड वाटतो, बातमीत 'वाटाघाटीतली ताकद' बरा. शिवाय वरचा मुद्दा दुधारी आहे. गेलेलं गिऱ्हाईक परतलं नाही तर कामगारांचेही तास कमी होतात. म्हणून २०२३ मध्ये संपाच्या नुसत्या तयारीवर भागलं. १९९७ मध्ये मात्र सुमारे १,८५,००० कामगार १५ दिवस संपावर होते. त्यातून अर्धवेळ जागा एकत्र करून १०,००० पूर्णवेळ जागा करण्याचं कबूल झालं.

उत्तर ३: 'पगार' शब्द जपून वापरा. 'ड्रायव्हरला १,७०,००० डॉलर पगार' असे मथळे आले होते. कंपनीने सांगितलेला तो आकडा कराराच्या अखेरीस मिळणाऱ्या एकूण मोबदल्याचा, म्हणजे वेतन आणि लाभ धरून. त्या वेळी पूर्णवेळ ड्रायव्हरचा सर्वोच्च ताशी दर सरासरी ४९ डॉलर असेल. आठवड्याला ४० तास आणि ५२ आठवडे धरले तर १,०१,९२० डॉलर होतात. उरलेल्यात ओव्हरटाइम, आरोग्यविमा, पेन्शन. आणि अर्धवेळ कामगारांचा किमान दर २१ डॉलर, तोही लिहा. मथळ्यांत हे कामगार कुठेच नसतात.

उत्तर ४: तुलनेसाठी फेडेक्स ग्राउंड ही प्रतिस्पर्धी पार्सल सेवा घेणार असाल तर तिथल्या ड्रायव्हरला 'कंत्राटी कामगार' म्हणू नका, तो 'कंत्राटदाराचा कामगार' आहे. फरक शब्दापुरता नाही. त्याचा मालक कागदोपत्री लहान कंत्राटदार, पण दर आणि कामाचं प्रमाण ठरतं वरच्या कंपनीशी झालेल्या कंत्राटात. कंत्राटदाराशी भांडून पगार वाढवून घेतला तरी पैसा त्याच्या हातात नाही, आणि ते कंत्राटच गेलं तर नोकरीही गेली. ॲमेझॉनच्या डिलिव्हरी व्हॅनचंही असंच. खरा मालक कोण, यावरच तिथे वाद चालतो.

प्रश्नकर्ती: आभार. '२२.४ ड्रायव्हर' कसं लिहू? २०१८ चा करारही 'मंजूर झाला'च म्हणायचं ना?

उत्तर १: '२२.४' हे २०१८ च्या करारातलं कलम. 'कमी वेतनश्रेणीतले ड्रायव्हर' लिहून कंसात कलम द्या. २०२३ मध्ये ही श्रेणी रद्द झाली. २०१८ साठी 'मंजूर झाला' नको, 'लागू झाला' लिहा. तेव्हा सुमारे ५४ टक्के मतं विरोधात होती. पण मतदान निम्म्याहून कमी झालं, आणि अशा वेळी करार फेटाळायला दोन तृतीयांश मतं लागत. युनियनने तो नियम २०२१ च्या अधिवेशनात काढून टाकला.