कोल्हापुरातून स्वतःच्या गाडीनं कर्नाटक, आठ दिवसांत काय काय बसतंय?

कट्ट्यावरचा_रंकाळकर
मंडळी नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन गाडीनं कर्नाटक करायचा बेत चाललाय. आई-बाबा, बायको, पोरगी सहावीत, पोरगा दुसरीत. आठ दिवस आहेत, लई ताणलं तर नऊ. मी मॅपवर बोट फिरवत बसलो आणि यादी झाली ती अशी, हंपी, बदामी, म्हैसूर, कूर्ग, जोग, मुर्डेश्वर आणि येता येता गोकर्ण. बायको म्हणाली एवढं केलं तर आपण कर्नाटक नाही, टोलनाके बघून येणार. आता प्रत्येकाचं वेगळं आहे, बाबांना जुनी देवळं आणि इतिहास पाहिजे, आईचे गुडघे दुखतात पण बघायचं सगळंच असतंय, बायकोला इरकल घ्यायचीय, पोरांना पाणी आणि डोंगर. मला विचाराल तर मी खायला चाललोय. बाबांना चार दिवस मटण दिसलं नाही की त्यांची चिडचिड सुरू होते हे पण लक्षात घ्या. जाऊन आलेल्यांनी जरा मार्गी लावा.

घाटातला_भटक्या
भावा, वहिनी बरोबर बोलल्यात. म्हैसूर-कूर्ग यादीतून काढून टाक, ती वेगळी ट्रिप आहे, नुसतं म्हैसूरला जायला-यायलाच तुझे दोन-तीन दिवस गेले म्हणून समज. किनारा पण राहू दे. आठ दिवस नुसतं उत्तर कर्नाटक कर, आणि रोज रोज हॉटेल बदलू नको, म्हातारी माणसं आणि लहान पोरं असली की बॅगा भरण्यातच सकाळ जाते. बदामी आणि होस्पेट इथं दोन-तीन रात्री ठोक, बाकी विजापूर आणि धारवाडला एकेक.

रस्ता असा धर. कोल्हापूर, मिरज, अथणी, विजापूर. पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर आहे, चार-साडेचार तास, पण दिवाळीच्या पुढंमागं कारखाने सुरू झालेले असले तर उसाच्या डबल ट्रॉल्या लागतात आणि त्यांच्या मागं दिवा नसतोय, म्हणून अंधार पडायच्या आत पोचायचं. गोल घुमट 1656 चा, मोहम्मद आदिलशहाची कबर, घुमटाचा बाहेरून व्यास 44 मीटरच्या आसपास आणि आत एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मिनारातून जिना चढून वर गेलं की गॅलरीत भिंतीला तोंड लावून हळू बोललेलं समोरच्या बाजूला ऐकू येतं. सकाळी उघडल्या उघडल्या जा, नंतर शाळेच्या सहली येतात आणि शेकडो पोरं एकदम बोंबलतात, मग कुजबुज कसली आणि काय. आईंना वर चढवू नको, जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे. त्यांना खाली बागेत बसव आणि मग इब्राहिम रोजा दाखव, तिथं चढ नाही आणि कोरीव काम घुमटापेक्षा कितीतरी सरस आहे. मुलुखमैदान तोफ पण बघाच, पोरांच्या पुस्तकात असतीय.

दुसऱ्या दिवशी बदामीकडं जाताना अलमट्टी लागतं. होय तेच, महापुरात आपण ज्याच्या नावानं शिव्या घालतो ते. बाग आहे, पोरं खेळतील. जमलं तर थोडी वाट वाकडी करून कूडलसंगम कर. आपल्या नरसोबाच्या वाडीला पंचगंगा पोटात घेऊन पुढं गेलेली कृष्णा तिथं मलप्रभेला भेटते. बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी, पुढच्या नारायणपूर धरणाच्या फुगवट्यात गेलं असतं म्हणून त्याच्याभोवती विहिरीसारखी भिंत बांधलीय, पुलावरून जायचं आणि पायऱ्या उतरून खाली. चारी बाजूला नदी आणि आपण पाण्याच्या खाली उभं, बाबांना हे नक्की आवडेल.

राजारामपुरीची_काकू
बदामीचं मी सांगते. चार लेणी आहेत, लाल दगडाचा कडा आणि खाली अगस्त्य तलाव. तिसरं लेणं सगळ्यात मोठं, विष्णूचं, त्यात 578 सालचा शिलालेख आहे. पहिल्या लेण्यात 18 हातांचा नटराज आहे, मुलांना हात मोजायला लावा, दहा मिनिटं शांत राहतात. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत पायऱ्या आहेत, आईंना पहिलं लेणं दाखवून बसवा नाहीतर सकाळी सातला जा म्हणजे उन्हाच्या आधी हळूहळू होतं. आणि माकडं!! हातात केळं, बिस्किट, प्लास्टिकची पिशवी काही म्हणजे काही नको. माझ्या जावेचा चष्मा गेला होता, तो शेवटी तिथल्याच एका पोरानं शेंगदाणे टाकून सोडवून दिला.

जेवायला बनशंकरीला जा, बदामीपासून अगदी जवळ. देवळासमोर मोठा चौकोनी तलाव आहे, हरिद्रा तीर्थ म्हणतात. तिथं बायका टोपली घेऊन बसलेल्या असतात, इरकल नेसलेल्या, कपाळाला हे एवढं कुंकू. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, भरलं वांगं, मटकीची उसळ, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, आणि छोट्या मडक्यातलं दही, इतकं घट्ट की मडकं उलटं केलं तरी पडत नाही. तिथंच कट्ट्यावर बसून खायचं. कन्नड येत नसलं तरी अडत नाही, "आणखी चटणी" हे हातानं सांगितलं तरी वाढतात, आणि तुम्ही पुरे म्हणेपर्यंत थांबत नाहीत.

इरकल घ्यायची तर ती इलकल गावात, बदामीहून साधारण दीड-दोन तास. बाजारात इरकल म्हणून पॉवरलूमचं पण खपवतात, म्हणून घेताना पदराजवळ बघा. खऱ्या हातमागाच्या साडीत पदराचे ताणे अंगाच्या ताण्यांना फासे घालून जोडलेले असतात, टोपे तेनी म्हणतात त्याला, उलट्या बाजूनं ती जोडाची रेघ दिसते. खणाचं कापड गुळेदगुड्डला मिळतं, ते तर बदामीच्या आणखी जवळ. नवऱ्यांना बरोबर दुकानात नेऊ नका, घड्याळ बघत बसतात.

गंगावेशीतला_तानपुरा
काकू मस्तच. पट्टदकल आणि ऐहोळेचं राहिलं ते मी घालतो. बदामीहून पट्टदकल 22 किलोमीटर, तिथून पुढं ऐहोळे, एका दिवसात दोन्ही आरामात. पट्टदकल 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथलं विरूपाक्ष देऊळ लोकमहादेवी राणीनं बांधवलं, नवऱ्यानं कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला त्याची आठवण म्हणून. बहुतेक देवळं एकाच आवारात, सपाट हिरवळ, आईंना त्रास नाही. ऐहोळेत मेगुटीच्या टेकडीवर मात्र बाबांना न्या, तिथं 634 चा रविकीर्तीचा शिलालेख आहे, दुसऱ्या पुलकेशीनं हर्षाला हरवल्याचा, आणि त्यातच तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यातल्या 99 हजार गावांचा उल्लेख आहे. आपला मुलूख एवढ्या जुन्या दगडावर मोजलेला बघायला कुणाला आवडणार नाही.

येताना गदगजवळ लक्कुंडी चुकवू नका, गर्दी नसते, पायऱ्यांच्या विहिरी आणि काशीविश्वेश्वराचं देऊळ अगदी दागिन्यासारखं कोरलंय. आणि धारवाडला रात्र काढणार असाल तर नुसता पेढा घेऊन पळू नका. भीमसेन जोशी गदगचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे. मन्सूरांना मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांची तालीम मिळाली, आणि ती दोघं अल्लादिया खाँसाहेबांची मुलं, जे शाहू महाराजांच्या पदरी आपल्याच कोल्हापुरात होते. म्हणजे धारवाडला गाणं ऐकलं तर ते थोडं घरचंच आहे. गाडीत मन्सूरांचं काहीतरी लावून ठेवा, पोरं कुरकुरतील, कुरकुरू देत.

तांबडा_पांढरा_०९
कुणी खाण्याचं नीट लिहिलंच नाही, भाकरी-चटणीवर बाबांची बोळवण करताय व्हय? ऐका. सकाळ-दुपार लिंगायत खानावळ, बोर्ड कन्नडमध्ये असला तरी भाकऱ्या थापायचा आवाज बाहेर ऐकू येतो, कडक भाकरी आणि मऊ भाकरी दोन्ही मिळतात, पूर्ण शाकाहारी. मटणासाठी गदग-हुबळीपर्यंत दम धरा आणि सावजी खानावळीत जा. नागपूरच्या सावजीशी घोळ करू नका. इथला रस्सा काळपट लाल, पातळ, आणि तिखट असा की आपल्या तांबड्याची शान सांगणारे पण दुसऱ्या वाटीला पाणी मागतात. पांढरा रस्सा मात्र नाही मिळणार, त्याची आशा सोडा. संध्याकाळी मिरची भजी आणि गिरमिट, ते चुरमुऱ्याचं, आपल्या भडंगाचं ओलं भावंड समजा. गोड म्हटलं तर अमीनगडचा किंवा गोकाकचा करदंट, डिंक, गूळ, सुकामेवा, आठवडाभर टिकतो. बेळगावात कुंदा. हंपीच्या देवळाजवळ मटण-दारू चालत नाही, तिथं बाबांना आधीच सांगून ठेवा.

कोकणकडा_प्रेमी
सगळे दगड-दगड करताय, पोरं तिसऱ्या दिवशी कंटाळणार बघा. माझं मत विचाराल तर धारवाडहून खाली शिरसी, याण, जोग, गोकर्ण. हिरवं जंगल, समुद्र, मासे. 253 मीटरवरून पाणी पडताना बघितलं की पोरं गप्प होतील.

घाटातला_भटक्या
जोगचं पाणी वरच्या लिंगनमक्की धरणावर अवलंबून असतं, पावसाळा संपला की जोर कमी होत जातो, दिवाळीत मिळालं तर नशीब. जोग ऑगस्ट-सप्टेंबरात करायचं. आणि पोरं दगडाला कंटाळतात हे मला पटत नाही, हंपीत सोडून बघा. तिथले डोंगर म्हणजे गोल गोल प्रचंड धोंडे एकमेकांवर ठेवलेले, तुंगभद्रेत गोल टोपलीसारख्या होडीतून फिरवतात, आणि 50 च्या नोटेवरचा दगडी रथ समोर दिसला की दुसरीतलं पोरगं खिशातली नोट काढून ताडून बघतंय. विठ्ठल मंदिराकडं शेवटच्या टप्प्यात बॅटरीची गाडी असते, आईंसाठी सोय आहे. पहिल्या दिवशी आधी कमलापूरचं म्युझियम करा, तिथं अख्ख्या हंपीचं मॉडेल आहे, कुठं काय आहे ते डोक्यात बसतं. शुक्रवारी बंद असतंय एवढं बघा. पलीकडच्या काठाची हॉटेलं जुन्या ब्लॉगमध्ये वाचून बुकिंग शोधत बसू नका, विरुपापूर गड्डीची 2020 मध्ये पाडली. होस्पेटलाच राहा.

अजून एक, विजापूर आधी आणि हंपी नंतर हाच क्रम ठेवा. 1565 ला ज्या सुलतानांनी मिळून विजयनगर बुडवलं त्यात आदिलशाही होती. जिंकलेल्यांचं शहर बघून मग हरलेल्यांचं बघितलं की बाबांना गाईड लागणार नाही, तेच आपल्याला सांगत बसतील.

कट्ट्यावरचा_रंकाळकर
लई लई आभार. म्हैसूर-कूर्ग रद्द, वहिनींचा, म्हणजे आमच्या बायकोचा, विजय झालाय आणि ती हा धागा सगळ्या नातेवाईकांना फॉरवर्ड करतीय. बाबा सावजीवर अडून बसलेत, म्हणतात हंपी राहिलं तरी चालेल. एकच शंका, येताना 1 नोव्हेंबर आला तर बेळगावात एमएच 09 पासिंगची गाडी चालेल का?

तांबडा_पांढरा_०९
कर्नाटकाच्या स्थापना दिनाच्या, म्हणजे राज्योत्सवाच्या मिरवणुका असतात आणि सीमाभागातल्या आपल्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस पण त्याच दिवशी, म्हणून गावात शिरायचं नाही, हायवेनं बाहेरूनच निघायचं. कुंदा धारवाडला पेढ्याबरोबरच घेऊन टाका नाहीतर आदल्या दिवशी घरी पोचा.

उपनगरातला_पाहुणा
गाडी नसणाऱ्यांनी काय करायचं ओ?

गंगावेशीतला_तानपुरा
हरिप्रिया एक्स्प्रेस. आपण तिरुपतीला जातो तीच, कोल्हापूरहून बेळगाव, हुबळी, गदग करत होस्पेटला थांबते. बदामी मात्र हुबळी-सोलापूर लाईनवर आहे, तिकडं जायचं तर गदगला उतरून गाडी बदला. दिवाळीचं रिझर्वेशन आत्ताच बघा.